खालचा सूर

"परत वाजव," अण्णा म्हणाले. विलासने क्लॅरिनेट तोंडाला लावलं आणि खालच्या सुरावर उतरताना मुद्दाम एक बोट भोकावरून केसभर उचललं. सूर चिरकला.

खालचा सूर स्वच्छ निघाला नाही, तर खुशाल पुण्याला नोकरीवर जा, असं अण्णाच म्हणाले होते. दात पडल्यापासून त्यांना फुंक जमत नव्हती, आणि तीन पिढ्यांच्या बँडला मास्तर हवा होता.

पण पोराला दोष द्यायचं सोडून त्यांनी क्लॅरिनेटच खोललं. "तुझं काही चुकत नाही. भोकं झाकणारे माझेच पॅड झिजलेत, हवा गळतेय." त्यांनी पॅड बदलले. सूर पुन्हा चिरकला. त्यांनी पुन्हा बदलले. तिसऱ्या खेपेला स्क्रू ड्रायव्हर निसटून बोटात रुतला, तरी रक्त धोतराला पुसून ते पुढचा स्क्रू शोधू लागले.

विलासला बघवेना. "आणा इकडे," तो म्हणाला. उरलेले स्क्रू त्याने स्वतः बसवले, क्लॅरिनेट तोंडाला लावलं आणि सगळी बोटं घट्ट टेकवली. सूर स्वच्छ, भरदार निघाला.

अण्णांनी खुंटीवरचा आपला बँडमास्तरचा लाल कोट काढून त्याला चढवला आणि खालून एकेक बटण लावत आले. गळ्याचं काही लागेना.

"श्वास रोखून धर," ते म्हणाले, "बसेल."