मिठाच्या पाण्याची बादली

सासूबाई माझ्या धाकट्या जावेचे सुजलेले पाय मांडीवर घेऊन तेल चोळत होत्या. तिला सातवा महिना होता. मी ओट्याशी भाकऱ्या थापत राग पिठावर काढत होते.

"माझेही पाय असेच सुजायचे," मी न राहवून म्हणाले. "तेव्हा कुणी हात लावला नाही."

"तेव्हा माझी सासू होती. सासूने सुनेचे पाय चेपणं तिला खपलं नसतं," त्या म्हणाल्या. "म्हणून तर रोज संध्याकाळी न्हाणीत मिठाचं गरम पाणी गुपचूप ठेवायचे तुझ्यासाठी."

माझा हात परातीतच थांबला. ती बादली नवरा ठेवतो, असं मी आजवर समजत होते. विचारलं की तो नुसता हसायचा.

त्या एका बादलीसाठी त्याचं काय काय पोटात घातलं होतं मी.