नवऱ्याच्या तोंडचा शब्द

"ड्रॉ म्हणजे काय गं?" लामदुआनमावशीने विचारलं, आणि दुकानातल्या मोकेंगच्या, म्हणजे अंडी-नारळाच्या वड्यांच्या, थाळ्यात सुरी अशी उभी रोवली की समोर मिठाई खात बसलेल्या बुआलोयला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं.

बुआलोय लॉटरीची तिकिटं विकायची. "मावशी, एवढंही ठाऊक नाही? महिन्यातून दोनदा सगळा देश ज्याच्यासाठी श्वास रोखून बसतो, तो ड्रॉ. सोडत!"

मावशीच्या मनात पाल चुकचुकली. म्हणजे म्हाताऱ्याचा नंबर लागलाय, आणि ताकास तूर लागू देत नाही. तिचा नवरा प्रयून गेले कित्येक दिवस दाढी करताना आरशाला हाच एक इंग्रजी शब्द ऐकवत होता. आणि आज दुपारच्या व्हॅनने तो बँकॉकला निघाला होता. कशाला, तर म्हणे खेळायला. साठी उलटलेला माणूस! त्याची कपड्यांची पिशवी तिने दुकानाच्या फळीखाली दडवून ठेवली होती. बाईची भानगड निघाली, तर ती पिशवी त्याच्या हातात द्यायची आणि सांगायचं, आता तिकडेच राहा. तिचं ठरलं होतं.

"लॉटरी कसली घेऊन बसलीस?" शाळेतले चित्रकलेचे मास्तर भरल्या तोंडाने म्हणाले. "ड्रॉ म्हणजे चित्र काढणं."

"कुणाचं?"

"कुणाचंही."

"तेच विचारतेय मास्तर. कुणाचं?"

मास्तरांनी घास गिळला आणि पाण्याकडे हात नेला.

"चित्रबित्र काही नाही हो," हवालदार वीरायुत म्हणाला. बाजारात चोरी झाली की हा हमखास मावशीच्या दुकानात सापडे. "इंग्रजी सिनेमात एकजण म्हणतो ड्रॉ, की दुसरा फाटकन पिस्तूल उपसतो. काकांवर नजर ठेवू का मावशी? आणखी एक तुकडा दिलात तर सोबत बँकॉकपर्यंत जाईन."

बांधून घ्यायला थांबलेली दवाखान्यातली नर्स जाता जाता म्हणाली, की त्यांच्याकडे रक्त काढण्याला तसं म्हणतात.

मग काय! नंबर लागला, त्या पैशावर एक बाई भाळली, तिचं चित्र निघालं, आता तिचा नवरा पिस्तूल घेऊन येणार आणि भर फेचबुरीच्या बाजारात रक्त सांडणार. एवढ्याशा शब्दात म्हाताऱ्याने अख्खा दुसरा संसार थाटला होता.

तेवढ्यात प्रयून आला. सदऱ्याला कडक इस्त्री, केसांना तेल.

"अगं, माझी पिशवी पाहिलीस का? व्हॅन सुटेल."

"आधी सांगा म्हातारबुवा. ड्रॉ म्हणजे काय?"

"आठ गुण."

"काय?"

"चार सोंगट्या, आठ गुण. इंग्रजी अक्षरांच्या सोंगट्या जुळवून पटावर शब्द लावायचे, असा खेळ असतो. मागच्या स्पर्धेत ही चारही अक्षरं माझ्यासमोर होती आणि मला शब्दच दिसला नाही. हरलो. म्हणून घोकतोय."

"ते असू दे. अर्थ सांगा."

"अर्थ मला काय माहीत?" प्रयून चकित झाला. "अर्थाला गुण नसतात."

"दुसऱ्या कुणाला तरी शेंड्या लावा!"

हवालदाराने रुमालाला हात पुसले. चौकशी हा त्याचा धंदाच. "काका, व्हॉट इज युवर नेम?"

प्रयूनने डोळे मिटले. "नेम. चार अक्षरं. फिरवली की आमेन होतो, मीन होतो..."

"अहो, नाव विचारतोय तो तुमचं!" मास्तर ओरडले.

"नाव? मग तसं विचार ना बाबा. प्रयून."

दुकान हसून हसून लोटपोट झालं. बुआलोयला ठसका लागला. मावशी तेवढी हसली नाही.

"किती शब्द पाठ आहेत असे?"

"असतील पन्नासेक हजार."

"आणि अर्थ?"

"एकाचाही नाही. आईची शपथ."

मावशीने खाली वाकून पिशवी काढली आणि फळीवर ठेवली. प्रयूनचा जीव भांड्यात पडला. एरवी मुखदुर्बळ माणूस, पण सुटकेच्या आनंदात त्याने चार लोकांदेखत बायकोचा हात धरला, सुरीसकट.

"वेडी कुठली! तुझ्यावाचून कोण आहे मला? जीव आहे माझा तुझ्यावर."

बुआलोयने लाजून तोंडाला पदर नसताना पदर लावल्यासारखा हात लावला. मास्तर आणि हवालदार छताकडे पाहू लागले. मावशी मात्र लाजली नाही. डोळे बारीक करून ती नवऱ्याकडे पाहत राहिली.

"आणि हे," ती म्हणाली, "हे कधी पाठ केलंत?"

रस्त्यावर व्हॅनने हॉर्न दिला. प्रयूनच्या मोकळ्या हाताची बोटं मात्र, त्याला न विचारताच, फळीवर नसलेल्या सोंगट्या इकडून तिकडे सरकवू लागली.