जीपारची जागा

“कलमा म्हण, वहिनी. एकदाच. चारचौघांसमोर,” असानकुल म्हणाला. “मग तुझंही सगळं रीतसर होईल.”

अंगणात उभारलेल्या जाड लोकरी नमद्याच्या तंबूत जीपारच्या नवऱ्याचं, शार्शेनचं, प्रेत ठेवलं होतं. विधवेनं तंबूत भिंतीकडे तोंड करून बसायचं आणि विलाप गायचा, अशी रीत. पण जीपार सकाळपासून स्वयंपाकघराच्या पायरीवरच बसून होती. ख्रिस्ती झालेल्या बाईला आत कोण बसू देणार!

“आणि नाही म्हटला तर?”

“तर शार्शेनदादाला आम्ही नेऊ. तुझी वेळ आली की तुझं तू बघ. कबरस्तानात तुला जागा मिळायची नाही.” दीर तसा वाईट नव्हता. रडून रडून त्याचेही डोळे सुजले होते. “मी एकटा काय करू, वहिनी? गाव माझं ऐकतं होय?”

गावानं जीपारला तरी कधी आपलं म्हटलं होतं? अनाथाश्रमात वाढलेली बाई ती. किर्गीझ माणसाला आपल्या सात पिढ्यांतल्या बापांची नावं तोंडपाठ हवीत. हिला एकाचंही ठाऊक नव्हतं. लग्न होऊन आली तेव्हा सासूनं सगळ्यांदेखत विचारलं आणि ही खाली मान घालून उभी राहिली. पुढे पोरही झालं नाही. मग तर बोलायलाच नको! मेजवानीत मटणाचे तुकडे मानाप्रमाणे वाटले जायचे, तेव्हा हिच्या ताटात काय पडायचं ते विचारू नका.

शहरातल्या प्रार्थनाघरात मात्र मेल्स पाळकानं पहिल्याच दिवशी खुर्ची पुढे ओढली. “बसा ताई, चहा घ्या.” तू कुणाची कोण, हे कुणी विचारलंच नाही. तिथं एकाच बापाचं नाव पुरायचं. घरी येऊन जीपार त्या दिवशी ढसाढसा रडली होती, सुखानं.

“तुझा देव तुला लखलाभ,” शार्शेन म्हणाला होता. पण दर रविवारी खटारा मोटार काढून तोच तिला सोडायचा आणि बाहेर सूर्यफुलाच्या बिया सोलत बसायचा. गेल्या वर्षी थंडीनं पाय आखडले म्हणून आत शेगडीपाशी येऊन बसला. उन्हाळा आला तरी हा आपला आतच. “सवय झाली,” म्हणाला.

“शेजारी?” जीपारनं दिराला विचारलं. “त्याच्या अगदी शेजारी?”

“अगदी शेजारी. आजच दगड लावून जागा राखतो. माझा शब्द.”

तिनं डोळे मिटले. प्रभू, तुला कितीतरी माणसं आहेत, मला हा एकच. रागावू नकोस.

म्हातारी माणसं अंगणात जमली. जीपारची जीभ दोनदा अडखळली. तिसऱ्यांदा कलमा पुरा झाला.

बायकांनी तिला गराडाच घातला. शेजारच्या केंजेनं तिच्या डोक्याला काळा रुमाल बांधला आणि मिठी मारून हंबरडा फोडला. “आमची जीपार गं!” चाळीस वर्षांत या गावात तिला कुणी आमची म्हटलं नव्हतं. तिला तंबूत नेऊन बसवलं. पडद्यापलीकडे शार्शेन होता. जीपारला विलापाचं एकही गाणं येत नव्हतं. ती नुसतीच त्याला हाका मारत राहिली.

थोड्या वेळानं केंजे कानाशी लागली. “फाटकाशी तुझा तो पाळक आलाय. पोरं आत सोडत नाहीत. पाच मिनिटं तरी जीपारताईंशी बोलू द्या म्हणतो.”

जीपारनं काळा रुमाल कपाळावर ओढला. कुठल्या तोंडानं भेटायचं त्याला? तो ‘ताई’ म्हणेल, आणि आपण आत्ता दिलेला शब्द आपल्याच्यानं पाळवणार नाही. मग शार्शेन एकीकडे, आपण एकीकडे.

“नाही म्हणून सांग. म्हणावं, मी आता तुमच्यातली राहिले नाही.”

“परत आला तर?”

“तरी नाही!”

दुपारी नमाज झाली. “माझा भाऊ कसा माणूस होता?” बाहेरून असानकुलचा आवाज आला. “चांगला होता!” जमाव तीनदा ओरडला. मग पुरुषमंडळी त्याला घेऊन गेली. बायका कबरस्तानात जात नाहीत. जीपार तंबूतच बसून राहिली. पुरुष परतले, तेव्हा असानकुलनं दारातूनच सांगितलं, “झालं, वहिनी. दगडही लावला.”

जीपारला मोकळं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही.

केंजे चहा घेऊन आली. चहाच्या वाटीखाली दुमडलेला कागद होता.

“पाळकानं दिलाय. मघापासून फाटकाशीच उभा होता बिचारा. घरची बाईच नको म्हणते म्हटल्यावर तो तरी काय करणार! दादाला समोरून नेलं तेव्हा टोपी काढून रस्त्यात गुडघ्यांवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. तुझ्याच हातात द्यायचा होता म्हणाला.”

जीपारनं कागद उलगडला. अक्षर शार्शेनचं होतं.

‘मेल्सभाऊ, उन्हाळ्यात माझा बाप्तिस्मा केलात ते मी जीपारला सांगितलेलं नाही. कळलं तर म्हणेल, माझ्यापायी गाव तोडू नकोस. पण मलाही तुमच्यातच बरं वाटतं. गाव तिला जागा देणार नाही. जन्मभर एकटी राहिली, मातीत तरी एकटी नको. म्हणून मला गावात पुरू देऊ नका. तुमच्या दफनभूमीत न्या आणि शेजारची जागा तिला ठेवा. ती नाही म्हणेल. तिचं ऐकू नका.’