ताऱ्यावरची हाक

गावाजवळच्या रेडिओ दुर्बिणीने दूरच्या ताऱ्यावरची हाक पकडली, म्हणून गावाने शास्त्रज्ञांचा सत्कार ठेवला होता. डॉ. पेंडसेंनी मिळालेली शाल पुढे बसलेल्या चांगुणाबाईंच्या खांद्यावर घातली.

“दुर्बिणीला अडथळा नको म्हणून तुम्ही गावकऱ्यांनी इथं मोबाईल येऊ दिला नाहीत. हा मान तुमचा.”

टाळ्या पडल्या.

गेल्या साली चांगुणाबाईंचे मालक शिवारात ट्रॅक्टरखाली अडकले. खिशात फोन नव्हता, म्हणून दिवसभर नुसत्या हाका मारत राहिले असणार. माणसं पोचली तेव्हा सगळं संपलं होतं.

“काय म्हणत्यात ती वरची माणसं, सायेब?”

“एकच विचारतात, कुणी आहे का?”

“मग तुम्ही ओ दिली?”

“हाक निघून हजारो वर्षं झाली, बाई. आता तिथं कुणी उरलं नसेल.”

चांगुणाबाईंनी शाल घट्ट धरली.

“तरी ओ द्या,” त्या म्हणाल्या.