सुभेदारांचा भाऊ

"तात्या, तुमी दोन शब्द बोलायलाच पायजेत," पुतण्या दिग्विजय तिसऱ्यांदा म्हणाला, तेव्हा दादासो खुर्चीतून उठले. तेरा दिवस पाहुण्यारावळ्यांची उठबस करून गुडघे पार बोलायला लागले होते.

पलूसजवळच्या त्या वसाहतीतलं शाळेचं मैदान माणसांनी भरलं होतं. हार घातलेल्या फोटोखाली काळ्या दगडाची पाटी होती : सुभेदार सयाजी रामराव शेलार.

थोरल्या भावाविषयी सगळे भरभरून बोलले होते. अठ्ठावीस वर्षं फौज. एकाहत्तरच्या लढाईत दोन जखमी गडी पाठीवर घालून आणलेले. पेन्शनीत आल्यावर शाळेला कुंपण घातलं, रस्त्याकडेला झाडं लावली. पत्नी मनुबाई आजारी होत्या तेव्हा तर भाकऱ्यासुद्धा स्वतः थापल्या, असं शेजारीण सांगत होती आणि मनुबाई पदरात तोंड घालून बसल्या होत्या.

दादासोंनी लग्न केलं नव्हतं. ऊस आणि भावाचं घर राखता राखता जन्म सरला होता. धाकटा असून नाव दादासो, यावर गावानं पूर्वी थट्टा केली होती, मग सवय झाली. परवा पाटीसाठी जन्मसाल काढताना दिग्विजयही बुचकळ्यात पडला होता. कागदावर तात्याच थोरले निघत होते.

"मास्तर घालील ती तारीख, बाबा," दादासो म्हणाले होते आणि विषय मिटला होता.

दादासोंनी माईक हातात घेतला.

"आमचं गाव मेढ्याच्या वरच्या अंगाला. धरणात गेलं. वडील न्हवतं. आई आमा दोघांस्नी घिऊन हितं आली. वळकीचं कोन न्हाई. मग भरती निघाली. दादा पळन्यात लय जोरात. आई म्हनली, एकानं फौजंत जायाचं, एकानं रान बघायचं. त्यो गेला."

पुढच्या रांगेतल्या एका मास्तरांनी विचारलं, "तुम्हाला नव्हतं जायचं?"

दादासोंनी पाटीकडे पाहिलं.

"जायाचं हुतं की," ते म्हणाले आणि खाली बसले.

घरी येताना दिग्विजयनं पुन्हा तोच विषय काढला. सांगलीच्या दवाखान्यात शेवटच्या दिवशी सुभेदारांनी भावाचा हात धरून म्हटलं होतं, तुझं तुला द्यायचं राह्यलं. दिग्विजयच्या मनाला ते लागून राहिलं होतं. ओढ्याकडचा तुकडा तात्यांच्या नावावर करू या, वडिलांचा शब्द राहील, असं तो म्हणत होता.

"नगं," दादासो म्हणाले. "मला आता कशाला काय नावावर?"

चुलता रागावला असावा, असं दिग्विजयला वाटलं.

घरी पंगत बसायची होती. मंडळी बाहेर हातपाय धूत होती. दादासो आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसले. शीण असा की डोळे मिटले तर उघडायचे नाहीत असं वाटावं. मनुबाईंनी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे ठेवला आणि तिथंच टेकल्या.

"भावजी, एक बोलायचं हाय."

"बोला की, वहिनी."

"पयल्या सुट्टीला आलं तवाच त्यांनी मला सांगितलं हुतं. त्यांचं वय भरतीत बसत न्हवतं, शिक्षान तर चौथीबी न्हाई. शाळंचा दाखला तुमचा हुता. तुमच्याच नावानं ते भरती झालं. कुनाला बोलू नगंस म्हनाले, म्हून बोलले न्हाई."

बाहेर दिग्विजय पानं वाढायला सांगत होता.

मनुबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या.

"आता उठा," त्या म्हणाल्या. "दोन घास खाऊन घ्या, सयाजीभावजी."