तिसऱ्या पात्याची कुरकुर

वाघचौरेंनी गवत कापायच्या ट्रॅक्टरखाली आडवं होऊन तिसऱ्या पात्याच्या बेअरिंगमध्ये ग्रीस भरलं. तीन महिने ते हे एकच बेअरिंग नेमकं विसरत होते. पण काल कॉलेजच्या मैदानापलीकडच्या नेनेबाईंनी त्याच्या किंचाळण्याची प्राचार्यांकडे लेखी तक्रार केली होती.

सकाळी धुक्यातून ट्रॅक्टर न किंचाळता ढगासारखा तरंगत गेला. ओलं गवत दरवळलं. बाईंची खिडकी मात्र बंदच. रोज त्या आवाजानं ती धाडकन उघडायची, बाई चार शब्द सुनावायच्या आणि वाघचौरेंचा दिवस गोड व्हायचा.

खिडकीखाली त्यांनी इंजिन बंद केलं, इकडेतिकडे पाहिलं आणि तोंडानंच आवाज काढला, "कुईंऽऽ!"

खिडकी उघडली, बाईंचा हात जणू कडीवरच होता.

"बंद ट्रॅक्टर कसा ओरडतो हो, वाघचौरे?"

"जुनं मशीन आहे, बाई."

"मग उद्या त्याला जरा लवकर ओरडायला सांगा."