ओकचा गाभा

“कडेकडेनं फळ्या काढा. गाभा ठेवा की तसाच, खांबाला होईल,” बायको पुन्हा म्हणाली.

करवतवाल्याने ऐकलं नाही. त्याचे निम्मे कान करवतीने खाल्ले होते आणि उरलेले निम्मे तो बायकोसाठी वापरत नसे.

स्वयंपाकघरामागचा ओक वादळात आडवा झाला होता. खोड दोघांच्या कवेत मावेना. त्याचं टेबल करायचं, तेही असं की नातवंडं म्हातारी झाली तरी फळी वाकडी होता कामा नये. त्याला रीत एकच: ओंडका आधी गाभ्यातून उभा चिरायचा, अर्ध्यांचे चतकोर करायचे आणि मग एकेका चतकोरातून फळ्या काढायच्या. लाकूड वाया जातं, पण फळीवर रेशमाची चमक उतरते.

“अहो, घराजवळचं झाड. पोटात खिळाबिळा निघाला तर?”

करवतवाल्याने ओंडक्यावर टिचक्या मारल्या आणि डॉक्टरच्या थाटात कान लावला. “ठणठणीत आहे!”

ओंडका आतून पोकळ वाजतोय, हे त्याच्या मेहुण्यालासुद्धा कळलं. पण मेहुणा गप्प राहिला. याच कौशल्यावर तो इतकी वर्षं दाजींच्या हाताखाली टिकून होता. त्याने नुसतं खोडावरच्या एका गाठीवर बोट ठेवलं. सालीने घट्ट मिटलेल्या तोंडासारखी गाठ होती.

“असू दे. टेबलाला शोभा येईल.”

बायको हात पुसत राहिली. हात कोरडेच होते.

“हिचं लाकडाशी पहिल्यापासून वाकडं,” पातं चढवता चढवता करवतवाला म्हणाला. “दर हिवाळ्यात हिच्यासाठी पळी कोरायचो. पातेल्याची खोली मोजून, हिची मूठ मोजून. पुढच्या हिवाळ्यापर्यंत पळी गायब! कधी म्हणे मोडली, कधी म्हणे जळली. आमच्या घरात वाळवी नाही रे, तुझी बहीण आहे.”

हा विनोद त्याने सगळ्या गल्लीला ऐकवून झाला होता. मेहुणा तरीही हसला.

पातं लाकडात शिरलं. भुसा उडाला. मध्यावर आवाज जरासा बदलला, पण पातं अडलं नाही. लाकडाच्या पोटात लाकूडच तर होतं. दोन्ही अर्धे बाजूला झाले आणि मधून काहीतरी खडखडत खाली सांडलं.

पळ्या.

लांब दांड्याच्या, आखूड दांड्याच्या, ओकच्या, अक्रोडाच्या. दोन-तीन पात्याने मधोमध चिरलेल्या, बाकीच्या धडधाकट. जळलेली एकही नाही. काहींना तर पातेल्याचा डागसुद्धा लागला नव्हता.

करवतवाल्याने करवत बंद केली. एक पळी उचलली. अंगठ्यासाठी दिलेली खोबण त्याच्याच हातची होती. एवढा राग? इतक्या वर्षांचा? तो अर्ध्या ओंडक्यावरच बसला. मेहुण्याला एकाएकी भुसा गोळा करायची फार घाई झाली.

“आवडत नव्हत्या तर तोंडावर सांगायचंस,” करवतवाला बायकोला कसाबसा म्हणाला. “झाडाच्या ढोलीत टाकायच्या?”

“आवडत नव्हत्या असं कोण म्हणालं?” बायकोने एक पळी उचलून भुसा झटकला. “एक पळी करायची, तर तुम्ही आख्खी दुपार माझ्यापाशी स्वयंपाकघरात बसायचात. जरा ढवळून बघ म्हणायचात, पुन्हा तासायचात. आणि बडबड तर किती!”

“मग हल्ली...” हल्ली कित्येक वर्षं पळी हरवली नव्हती. बायको सुधारली, असं त्याने गल्लीत सांगूनही टाकलं होतं.

तिने मिटलेल्या गाठीवरून बोट फिरवलं.

“ढोलीचं तोंड बुजलं,” ती म्हणाली. “मग पळी टिकली, आणि तुम्ही यायचे थांबलात.”